टोनर भरून घ्यावा, शाई विकत घ्यावी

सावेडीत प्रिंटर कुठे कुठे आहेत हे डोळे मिटून सांगता येईल. प्रोफेसर कॉलनी चौकातून गुलमोहर रोड धरा, नाहीतर पाईपलाईन रोडने भिस्तबाग चौकाकडे निघा. चार दुकानं ओलांडली की एखादा क्लास, एखादा दवाखाना, वकिलांची किंवा सीएंची पाटी आणि एक झेरॉक्सवाला लागतोच, आणि प्रत्येकाच्या टेबलावर ते करडं-पांढरं खोकं असतंच. मनमाड रस्त्याने पुढे नागापूर एमआयडीसीत गेलात तर गेटवर चलन छापायला तसलंच खोकं बसलेलं. फेब्रुवारीत दहावी-बारावीची हॉल तिकिटं, जूनमध्ये प्रवेशाचे अर्ज, मार्चअखेरीला हिशेबांचे गठ्ठे. त्यात २०२४ मध्ये जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं आणि लेटरहेडपासून पावतीपुस्तकापर्यंत सगळंच नव्याने छापायची वेळ आली.

या सगळ्या खोक्यांचं खाणं एकच, शाई किंवा टोनर. ते संपतं नेमकं घाईच्या वेळी. मग दुकानदार विचारतो, "ओरिजनल देऊ, कॉम्पॅटिबल देऊ, का रिफिल करू?" एचपीच्या १२ए टोनरचंच उदाहरण घेतलं तर ओरिजनल पाच-सहा हजारांच्या घरात, कॉम्पॅटिबल पाचशे ते आठशे आणि रिफिल अडीचशे ते चारशे. एवढा फरक पाहिला की माणूस एकतर घाबरून महागातलं घेतो, नाहीतर हरखून सगळ्यात स्वस्त उचलतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. लेझर प्रिंटर असेल तर टोनर जाणत्या माणसाकडून भरून घ्यावा. बाटलीतून शाई ओतायचा टँकवाला प्रिंटर असेल तर शाई कंपनीचीच विकत घ्यावी. आणि छोट्या कार्ट्रिजचा इंकजेट असेल तर त्याच्यात आणखी पैसे घालण्याआधी दोनदा विचार करावा. गंमत अशी की बरेच लोक नेमके उलटे वागतात. टोनरच्या बाबतीत वॉरंटीच्या भीतीने ओरिजनलवर हजारो रुपये घालतात आणि बाटलीतल्या शाईत शंभर-दीडशे वाचवायला जाऊन प्रिंटरचं हेड घालवतात.

टोनर भरून का चालतो हे कळायला त्या डब्याची कुळकथा थोडी बघावी लागते. पेटंटच्या कामात नकला करून वैतागलेल्या चेस्टर कार्लसनने २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या अ‍ॅस्टोरिया भागात पहिली कोरडी नक्कल काढली. गंधकाचा थर दिलेला जस्ताचा पत्रा, त्यावर घासून आणलेला वीजभार आणि त्या भाराला चिकटणारी बारीक पूड, एवढाच सरंजाम होता. तत्त्व आजही तेच आहे. ड्रमवर वीजभार चढतो, लेझरचा किरण अक्षराच्या जागी तो उतरवतो, त्या जागी पावडर चिकटते, कागदावर येते आणि फ्यूजरच्या उष्णतेने वितळून कागदात बसते. म्हणजे आपण ज्याला टोनरची शाई म्हणतो ती खरं तर काजळी आणि मेण मिसळलेलं बारीक दळलेलं प्लॅस्टिक.

एचपीने १९८४ मध्ये पहिला लेझरजेट आणला तेव्हा त्यातलं इंजिन कॅननचं होतं. मोठ्या कॉपिअर यंत्रांत पावडर वेगळी, ड्रम वेगळा, आणि काही बिघडलं की मेकॅनिकची वाट बघत बसायचं. कॅननने झिजणारे भाग आणि पावडर एकाच डब्यात बसवले. संपला डबा की काढा, नवा घाला, कुणाला बोलवायला नको. मेकॅनिकची गरजच उरू नये म्हणून केलेल्या या रचनेने एक नवा मेकॅनिक जन्माला घातला, तो म्हणजे आपला रिफिलवाला. कारण डबा संपतो म्हणजे त्यातली पावडर संपते. ड्रम, ब्लेड, रोलर यांचं आयुष्य अजून बरंच शिल्लक असतं. ओरिजनल डबा घेणारा दरवेळी हे शिल्लक आयुष्य पैसे देऊन कचऱ्यात टाकतो.

एचपी-कॅननच्या या जुन्या नात्याचा फायदा आपल्याकडे अजून मिळतो. एचपीचा लेझरजेट १०२० आणि कॅननचा एलबीपी २९०० हे वीसेक वर्षांपूर्वीचे प्रिंटर वकिलांच्या आणि शाळांच्या ऑफिसांत आजही खडखडत असतात. एकाचा डबा १२ए, दुसऱ्याचा ३०३. पण रचना तीच, आणि रिफिलवाल्याच्या फळीवर दोन्ही एकाच रांगेत असतात. १२एवर नव्या डब्यांसारखी चिपही नाही. इतकी वर्षं हे प्रिंटर टिकले ते छपाई फार देखणी आहे म्हणून नाही. त्यांचं पोट कुठल्याही गावात भरता येतं, म्हणून.

चांगला रिफिलवाला काय करतो हे एकदा समोर उभं राहून बघावं. टेबलावर जुना पेपर अंथरलेला असतो, शेजारी मऊ ब्रश. नाकावर मास्क असेल तर माणूस जाणता समजावा, कारण ही पूड फार बारीक, काही मायक्रॉनची असते आणि दिवसभर तीच श्वासात जाते. डब्याच्या दोन टोकांच्या बारीक पिना काढल्या की डबा दोन भागांत उघडतो. एका भागात हिरवा-निळा चकचकीत ड्रम, त्याला टेकलेला काळा रबरी रोलर, ज्याला दुकानात पीसीआर म्हणतात, आणि मागे वायपर ब्लेड. दुसऱ्या भागात मॅग्नेट रोलर, त्यावर पावडरीचा थर सारखा करणारा डॉक्टर ब्लेड आणि पावडरीची टाकी. ड्रम बाहेर आला की जाणता माणूस तो लगेच काळ्या कापडात गुंडाळून बाजूला ठेवतो. उजेडाने ड्रम बिघडतो. सावेडीच्या उन्हात काउंटरवर उघडा पडलेला ड्रम दिसला तर त्या दुकानातून आपला डबा उचलून घरी यावं.

पुढची पायरी सगळ्यात महत्त्वाची. वायपर ब्लेडचे दोन स्क्रू सोडले की मागे एक खोली लागते. कागदावर न गेलेली पावडर ब्लेड ड्रमवरून खरवडून या खोलीत टाकतो. तिथून मूठभर काळी धूळ निघते. ती वेस्ट असते, तिच्यात कागदाचे तंतूही मिसळलेले असतात, ती फेकायचीच असते. हिशेबी माणसाला ती फेकवत नाही आणि ती गुपचूप टाकीत परत जाते. त्याहून वाईट पद्धत म्हणजे डबा न उघडताच सोल्डरिंगच्या तापलेल्या टोकाने टाकीला भोक पाडायचं, पावडर ओतायची आणि वरून टेप मारायचा. पाच मिनिटांत काम, पन्नास रुपये कमी. हे एक-दोनदा चालून जातं. मग मागची खोली तुडुंब भरते, पावडर प्रिंटरच्या पोटात सांडायला लागते आणि दोष मात्र रिफिल या गोष्टीलाच लागतो. म्हणून डबा देण्याआधी विचारायचा प्रश्न एकच, "उघडून भरता का भोक पाडून?" उत्तर देताना समोरचा अडखळला तर कळलंच.

पावडरही एकच नसते. १२एसारख्या डब्यातल्या पावडरीत लोहाचा अंश असतो, म्हणून तर ती मॅग्नेट रोलरला धरते. कागदाच्या पुडीत थोडी घेऊन खालून साधं लोहचुंबक फिरवलं की ती काट्यांसारखी उभी राहते. ब्रदरच्या किंवा जुन्या सॅमसंगच्या डब्यातली पावडर अशी उभी राहत नाही, तिची जातच वेगळी. चुंबकाने दर्जा कळत नाही, पण एकाची पावडर दुसऱ्यात ओतली जात नाही ना, एवढं कळतं. सगळ्या प्रिंटरला चालते म्हणून एकाच बरणीतून सगळ्यांना वाढणारा दुकानदार टाळावा. चुकीची पावडर फ्यूजरच्या उष्णतेत नीट वितळत नाही आणि छापलेलं अक्षर बोटाने पुसलं जातं.

बिघाड कुठे आहे हे कागदच सांगतो, वाचता आलं पाहिजे. पानभर उभी बारीक काळी रेघ आली तर ड्रमला ओरखडा किंवा ब्लेडची धार गेलेली. तोच ठिपका दर साडेसात सेंटिमीटरला पुन्हा येत असेल तर १२एमध्ये तो ड्रमचा दोष, कारण ड्रमचा घेर तेवढाच आहे. निम्म्या अंतरावर येत असेल तर पीसीआरकडे बघा. पूर्ण पानावर राखाडी छटा, दुकानाच्या भाषेत "बॅकग्राउंड", आली तर हलकी पावडर किंवा थकलेला ड्रम. अख्खं पान काळंकुट्ट निघालं तर पीसीआरला वीजच पोहोचत नाही. मधला पट्टा फिकट असेल तर अजून काही संपलेलं नाही. डबा आडवा धरून डावीकडून उजवीकडे हलवला की आणखी काही पानं निघतात. उभा आपटायचा मात्र नाही. हे पान सोबत नेलं तर रिफिलवालाही उगाच "सगळंच बदलावं लागेल" म्हणत नाही. तीन-चार रिफिलनंतर ड्रम आणि वायपर ब्लेड बदलणं रास्त आहे, दीड-दोनशे रुपये त्यात जातात आणि ते देताना कुरकुरू नये.

वॉरंटीचं भूत थोडं जास्तच मोठं केलं गेलंय. रिफिल किंवा दुसऱ्या कंपनीचं कार्ट्रिज वापरलं एवढ्यावरून प्रिंटरची वॉरंटी जात नाही, असं एचपीच्या स्वतःच्या वॉरंटीपत्रकातच लिहिलेलं असतं. त्या कार्ट्रिजमुळेच बिघाड झाला असेल तर दुरुस्तीचे पैसे लागतील, एवढंच. तरी सर्व्हिसला प्रिंटर नेताना ओरिजनल डबा घालून न्यावा, वाद कमी होतो.

कॉम्पॅटिबल म्हणजे रिफिल केलेला नव्हे, वेगळ्या कारखान्यात बनलेला नवा डबा. हा माल बहुतेक चीनमधून येतो आणि दिल्लीच्या नेहरू प्लेस, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांतून आपल्याकडे उतरतो. एकाच नावाच्या खोक्यात यावेळी चांगला, पुढच्या वेळी गळका डबा निघू शकतो. मी कॉम्पॅटिबलचं नाव एकाच कामासाठी घेतो. जुना डबा पुरता झिजला असेल तेव्हा कॉम्पॅटिबल घ्यावा, पहिली पावडर वापरून संपवावी आणि पुढे तोच भरत राहावा. गळला तर बदलून देईन असं तोंडी नाही, बिलावर लिहून देणाऱ्याकडूनच घ्यावा.

ब्रदरच्या प्रिंटरची तऱ्हा निराळी आहे आणि इथे लोक हमखास गोंधळतात. त्याचा टोनर वेगळा आणि ड्रम वेगळा. टीएन-२३६५ टोनर २६०० पानांचा, तर डीआर-२३६५ ड्रम १२,००० पानांचा. टोनरच्या टोकाला एक गिअर असतो, भरून झाल्यावर तो मूळ जागी फिरवावा लागतो. नाहीतर डबा गच्च भरलेला असूनही प्रिंटर संपला म्हणून अडून बसतो. ड्रम संपल्याची सूचना आली की लोक नवा टोनर घेऊन येतात, टोनर संपला की ड्रमसकट फेकून देतात. सूचना एकदा शांतपणे वाचली तर यातले बरेच पैसे वाचतील.

आता पानांचा हिशेब. डब्यावर लिहिलेला २००० पानांचा आकडा आयएसओ १९७५२ या मानकाच्या चाचणीतून येतो. त्या चाचणीच्या पानावर सुमारे पाच टक्के भाग काळा असतो. पाच टक्के म्हणजे साधं, मोकळ्या समासाचं पत्र. आपल्या क्लासची प्रश्नपत्रिका तशी नसते. शिरोरेषा, ठळक मथळे, चौकटी आणि वर क्लासचा काळाभोर लोगो. असल्या पानांवर २००० चे हजार-बाराशे व्हायला वेळ लागत नाही. लोगोचा काळा पट्टा काढून नुसती बाह्यरेषा ठेवली तरी वर्षाला एखादा रिफिल वाचेल. लेटरहेड नव्याने करणाऱ्या संस्थांनी हे आत्ताच बघून घ्यावं.

साधं गणित असं. ओरिजनल १२ए सहा हजारांना आणि २००० पानं म्हणजे पानाला तीन रुपये. एवढ्यात तर बाहेर झेरॉक्सच निघते. रिफिल तीनशे रुपये, दीड हजार पानं धरली तर पानाला वीस पैसे. ड्रम-ब्लेडचा वाटा घालून तीस. टँकच्या प्रिंटरमध्ये एप्सनच्या ००३ शाईची ६५ मिलिलिटरची काळी बाटली कंपनीच्या हिशेबाने ४५०० पानांची. ती चारशे-साडेचारशेला आली तरी पान दहा पैशांत पडतं. आणि छोट्या कार्ट्रिजचा इंकजेट? एचपीचं साधं ८०३ काळं कार्ट्रिज १९० पानांच्या आसपास. आठशे रुपये मोजले तर पानाला चार रुपये वीस पैसे. दोन-अडीच हजारांत मिळाला म्हणून आणलेला हा प्रिंटर तिसऱ्या-चौथ्या कार्ट्रिजला आपली पूर्ण किंमत पुन्हा वसूल करतो.

हेच कार्ट्रिज सिरिंजने भरून घेता येतं, हे खरं. लेबलखाली भोकं असतात, आत स्पंज असतो, त्यात हळूहळू शाई सोडायची, मग टिश्यू पेपरवर तळ टेकवायचा. तीन रंगांचे तीन स्वच्छ पट्टे उमटले तर ठीक, एक पट्टा गायब तर तो रंग जाम, आणि दोन पट्टे एकमेकांत मिसळले तर कार्ट्रिज गेलंच म्हणून समजा. पण एचपी आणि कॅननच्या या कार्ट्रिजमध्ये शाई तापवून उडवणारं हेड कार्ट्रिजवरच असतं आणि शाईच त्याला थंड ठेवते. पूर्ण कोरडं होईपर्यंत छापत राहिलं की हेड जळतं, मग कितीही शाई भरा. म्हणजे फिकट व्हायला लागताच, संपायच्या आधी भरलं तरच दोन-तीनदा जमतं. एवढी शिस्त घरात कुणाला असते? ज्या घरात आठवड्याला दोन-चार पानं निघतात त्या घराने प्रिंटर न घेता कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे जावं, असं मी स्पष्ट सांगतो. दुसरा मार्ग म्हणजे साधा काळा लेझर, कारण टोनर पडून राहिला तरी वाळत नाही.

वाळणं हा नगरच्या हवेत साधा प्रश्न नाही. पर्जन्यछायेतला कोरडा जिल्हा, एप्रिल-मेमधला चाळिशीपार पारा, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत क्लास बंद असताना महिनाभर झाकून ठेवलेला इंकजेट. जूनमध्ये चालू केला की निळा गायब, पिवळा अर्धा. मग माणूस हेड क्लीनिंग एकदा करतो, चारदा करतो, दहादा करतो. प्रत्येक क्लीनिंगमध्ये शाई हेडमधून आत एका स्पंजी पॅडवर सांडली जाते. बाटली रिकामी होते ती अशी, आणि एक दिवस वेस्ट इंक पॅड भरल्याची सूचना येऊन प्रिंटर थांबतो. म्हणून दोनदा क्लीनिंग करून नोझल चेक काढावा, फरक नसेल तर रात्रभर तसाच ठेवून सकाळी पुन्हा बघावं. सुट्टीतसुद्धा आठवड्याला एक रंगीत पान काढणं हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

टँकच्या प्रिंटरमध्ये बाहेरची शाई नको म्हणतो त्याचं कारणही हेच. तिथे हेड शाईबरोबर बदललं जात नाही, प्रिंटरमध्येच बसवलेलं असतं. एप्सनमध्ये तर ते सगळ्यात महागडं अंग. एप्सनने २०१० मध्ये इंडोनेशियात टँकचे प्रिंटर आणले ते, लोक कार्ट्रिजला बाहेरून नळ्या आणि बाटल्या जोडून जुगाड करतात हे पाहून. पुढे कॅनन, एचपी, ब्रदर सगळे त्याच वाटेने आले. प्रिंटर महाग आणि शाई स्वस्त असा हा व्यवहार. शाई मुळातच स्वस्त झाल्यावर लिटरच्या कॅनमधली बिननावाची शाई भरून बाटलीमागे शे-दोनशे रुपये वाचवणं आणि त्यासाठी हजारोंचं हेड पणाला लावणं हे मला तरी पटत नाही. दिवसाला शेकडो पानं काढणारा झेरॉक्सवाला बाहेरची शाई वापरतो, त्याचं त्याला परवडतं. त्याचं हेड वाळायला सवडच मिळत नाही.

शाईत आणखी एक भेद बघायचा, डाय की पिगमेंट. डाय शाई पाण्यात विरघळलेला रंग असतो, फोटोला छान, पण पाण्याचा थेंब पडला की पसरते. पिगमेंट शाईत रंगाचे बारीक कण असतात, ते कागदावर वाळले की बऱ्यापैकी टिकतात. बाटलीवर लिहिलेलं असतं. नसेल तर छापील ओळीवर पाण्याचं बोट फिरवून बघावं. जुलैत पिशवीत घालून तहसीलला न्यायचा कागद डाय शाईत छापू नये. जपून ठेवायच्या कागदाला, म्हणजे खरेदीखत, भाडेकरार, कोर्टाची कागदपत्रं यांना, लेझरच बरा, आणि तोही नीट भाजलेला.

नीट भाजलेला म्हणजे काय, हे वकिलांच्या टायपिस्टला विचारावं. कोर्टाच्या कामाचा हिरवट लेजर पेपर जाड आणि खरखरीत. साध्या कागदाच्या सेटिंगवर छापला तर टोनर वरवर बसतो, घडी पडली की घडीवरची अक्षरं उडतात. प्रिंटरच्या सेटिंगमध्ये कागदाचा प्रकार जाड किंवा खरखरीत निवडला की फ्यूजर जास्त तापतो आणि अक्षर धरतं. लोक पावडर बदलतात, दुकान बदलतात, हे एक सेटिंग बदलत नाहीत. राज्यात २०२४ पासून बऱ्याच साध्या करारांनाही किमान पाचशेचा मुद्रांक झाला. तेव्हा नुकत्याच भरलेल्या टोनरवर थेट मुद्रांक घालणं म्हणजे पाचशे रुपयांचा जुगार. रिफिलनंतरची पहिली दहा-बारा पानं साध्या कागदावर जाऊ द्यावीत. सातबारा किंवा आधारच्या प्रतीवरचा क्यूआर कोडही असाच नाजूक. इकॉनॉमी मोडवर फिकट छापला किंवा बॅकग्राउंड आला की स्कॅन होत नाही आणि खिडकीवरून परत पाठवतात.

विजेचं आणि कागदाचं एकेक राहिलं. लेझर प्रिंटर संगणकाच्या छोट्या यूपीएसवर जोडू नये. फ्यूजर तापताना एकदम मोठा करंट ओढतो, यूपीएस टिट् टिट् करून बसतो आणि संगणकही बंद पडतो. पावसाळ्यात उघडी राहिलेली कागदाची रिम ओल धरते, कागद अडकतो, अक्षर फिकट येतं आणि आपण टोनरला दोष देतो. रिम प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवली की हे निम्मं भांडण मिटतं.

इथवरचं सगळं जुन्या प्रिंटरांना लागू. नव्यांत एक कुलूप आलंय आणि पुढची खरी लढाई तिथे आहे. डब्यावर चिप असते. प्रिंटर ती वाचतो आणि परकी वाटली तर छापायचंच नाकारतो. सप्टेंबर २०१६ मध्ये परदेशात एचपीचे अनेक ऑफिसजेट प्रिंटर एकाच दिवशी परकी कार्ट्रिजं नाकारू लागले. आदल्या दिवशीपर्यंत तीच चालत होती, फरक केला होता आतल्या सॉफ्टवेअरने. इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने अशाच प्रकरणात २०२० मध्ये एचपीला एक कोटी युरोचा दंड केला. अमेरिकेत लेक्समार्क या प्रिंटर कंपनीने रिफिल करणाऱ्यांवर पेटंटचा दावा लावला होता. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मे २०१७ मध्ये ठरवलं की कार्ट्रिज एकदा विकलं की त्यावरचा पेटंटचा हक्क संपतो. पण न्यायालय पेटंट सोडवतं, चिप नाही. चिप किती गरजेची आहे हे कॅनननेच जानेवारी २०२२ मध्ये दाखवून दिलं. जगभर चिपांचा तुटवडा पडला तेव्हा जर्मनीतल्या ग्राहकांना कंपनीने बिनचिपचे टोनर पाठवले आणि प्रिंटरने तक्रार केली तर ती सूचना बंद कशी करायची तेही सांगितलं. छपाईत काही फरक पडला नाही.

इथे सावेडीत याचा अर्थ असा की प्रिंटर घेतानाच टोनरचा प्रश्न निम्मा सुटतो किंवा कायमचा अडकतो. खोक्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की हा प्रिंटर फक्त कंपनीच्या चिपच्या कार्ट्रिजवर चालेल आणि पुढे अपडेटनेही अडवला जाऊ शकेल. ते वाचावं. आपल्या रिफिलवाल्याला आधी विचारावं की या मॉडेलची चिप मिळते का, केवढ्याला मिळते. प्रत्येक रिफिलला दीड-दोनशेची नवी चिप लागणार असेल तर तीस पैशांचं पान चाळीस-पंचेचाळीस पैशांना पडतं. तरीही ओरिजनलपेक्षा स्वस्तच. आणि घेतलाच असेल तर वायफायवरचं आपोआप अपडेट बंद करून ठेवावं. कमी पानांच्या ऑफिसला मी आजही बिनचिपचा जुना लेझर, सेकंडहँड का होईना, सुचवतो. तरुण दुकानदार हसतात, पण त्यांच्या काउंटरखाली काय चालू असतं ते बघा.

शेवटी बनावट माल आणि कचरा. हे दोन्ही प्रश्न एकाच रिकाम्या खोक्यातून निघतात. ओरिजनलचा रिकामा डबा, एकदाही न उघडलेला, बाजारात चांगल्या भावाने जातो. खोकं आणि आतली पिशवी शाबूत असेल तर आणखी चांगल्या भावाने. का, ते सांगायला नको. त्यात साधी पावडर भरून तो पुन्हा ओरिजनल म्हणून विकला जातो. तेव्हा ओरिजनल घ्यायचाच असेल तर होलोग्राम हलवून रंग बदलतो का ते बघावं, त्यावरचा कोड फोनवर तपासावा, आणि निम्म्या किमतीत ओरिजनल म्हणणाऱ्याचा नाद सोडावा. आपल्या हातून गेलेलं खोकं मात्र फाडूनच टाकावं.

ज्या डब्याचा ड्रम, रोलर, गिअर सगळं संपलंय तो घंटागाडीत टाकण्याची वस्तू नाही. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांच्या यादीत प्रिंटरबरोबर कार्ट्रिजचाही समावेश आहे आणि ती परत घेऊन विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये विचारलं तर परत देण्याची सोय कळते. रिफिलवाल्याच्या दुकानात साठलेली वेस्ट पावडर जाड पिशवीत घट्ट बांधूनच बाहेर जावी. ती उघड्यावर उधळू नये आणि पेटवू तर मुळीच नये, इतकी बारीक पूड हवेत उडाली की भडका घेते. कपड्यांवर सांडली तर आधी झटकून टाकावी, मग गार पाण्याने धुवावी. गरम पाणी लागलं की ती शर्टातच भाजली जाते, आणि घरातला साधा व्हॅक्यूम क्लीनर लावला तर मागच्या बाजूने अख्ख्या खोलीत पसरते.